चौथा रकाना

"हवेनं टेस्ट केली तर प्रेशर किती ठेवायचं हो, भारतीताई?"

निनाद बेलवलकर माझ्या केबिनच्या दारात उभा राहून विचारत होता. केबिन म्हणजे टेस्टिंगच्या शेडमध्ये काचा लावून केलेला एक खण. नजर त्याची मोबाइलवरच होती. कंपनीचा ऑपरेशन्स हेड, मालकांचा भाचा, वय एकतीस. कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या लायनीचे व्हॉल्व्ह बनतात आणि तयार झालेला प्रत्येक व्हॉल्व्ह माझ्या बेंचवर पाण्याच्या दाबाखाली तपासून मगच बाहेर जातो. जायचा, म्हणायला हवं. या गोष्टीला सहा वर्षं झाली.

त्याचा प्रश्न ऐकला आणि मला कळलं, मासा गळाला लागला.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"अहो, सकाळच्या पोस्टखाली लोक विचारतायत. तीन तासांत सहाशे लाइक्स! तुम्हाला काय कल्पना त्याची."

"भिंतीवर तक्ता आहे की. बघा त्यात."

तो तक्त्यापाशी गेला. तक्ता पाण्याच्या टेस्टचा होता, वर तसं ठळक लिहिलेलंही होतं. यानं तेवढं सोडून आकडा वाचला, "चोवीस किलो. ग्रेट!" म्हणाला आणि टाइप करत करत निघून गेला. दीड वर्षं हा माणूस या शेडचा प्रमुख होता आणि पाण्याचा आकडा हवेला चालत नाही एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आता कुणीतरी जाणकार येणार, चारचौघांत याची अब्रू काढणार आणि ते मी डोळे भरून बघणार, असा माझा हिशेब होता.

माझ्याकडे वह्या होत्या. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालापासून लिहिलेल्या, खाकी पुठ्ठ्याच्या, चौदा वह्या. बेंचवर एखादा माल नापास झाला की त्याची नोंद करायची. चार रकाने: तारीख, कुठला माल, काय चुकलं, कोणाची चूक. चौथा रकाना लिहायला सगळ्यात अवघड, म्हणून तो मी आधी लिहायचे. त्यात माझं नाव पुष्कळदा आहे. मालकांचंही दोनदा आहे. खाली एका ओळीत, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं ते. कंपनीनं सांगितलं नव्हतं. माझी मी लिहायचे.

निनादनं पहिल्यांदा वही मागितली तेव्हा मला आनंद झाला होता, हे कबूल करते. वीस वर्षांत कुणी मागितली नव्हती. दर गुरुवारी तो यायचा, चहा सांगायचा, पानांचे फोटो काढायचा. "तुम्ही म्हणजे सोनं आहात, भारतीताई," म्हणायचा. मी घरी जाऊन ते वाक्य नवऱ्याला दोनदा ऐकवलं होतं.

मग एका रविवारी पुण्याहून लेकीचा, स्नेहलचा, फोन आला. ती तेव्हा नोकरी शोधत होती, त्यामुळे नोकरी-धंद्यातली माणसं जिथं एकमेकांना जोडून घेतात त्या साइटवर दिवसभर असायची.

"आई, तुझे ते बेलवलकर सर कसले भारी लिहितात गं! नव्वद हजार फॉलोअर्स आहेत त्यांचे. आमच्या बॅचमधली निम्मी मुलं वाचतात."

"काय लिहितात?"

तिनं इंग्रजीतून मराठी करून वाचून दाखवलं. बोल्ट आवळताना गोल गोल न जाता समोरासमोरचे आवळायचे, हे मी एका रात्रपाळीत कसं शिकलो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काम न देता मी नुसतं बघायला का बसवतो. गॅस्केट दोनदा वापरायचं नाही, हे मला माझ्या एका चुकीनं शिकवलं. सगळीकडे मी, मी, मी. प्रत्येक वाक्य माझ्या वहीतलं, आणि माझं नाव कुठंच नाही. ज्या रात्रपाळीत तो म्हणे शिकला, तेव्हा तो चड्डीत शाळेला जात असणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी सकाळी मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"सर, वहीत लिहिलेलं माझं आहे."

"मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग माझं नाव?"

तो हसला. समजूतदार, मोठ्या माणसाचं असावं तसं हसला. "ताई, तुमचं त्या साइटवर अकाउंट तरी आहे का? आणि कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या कामाबद्दल लिहिलेली वही कंपनीचीच. ती कपाटात सडत होती. मी ती नव्वद हजार लोकांपर्यंत नेली. खरं तर तुम्ही मला थँक्यू म्हणायला पाहिजे."

मी केबिनमध्ये परत आले. त्या दिवशी माझ्या हातून दाब मोजायचा गेज पडून फुटला; वीस वर्षांत पहिल्यांदा. स्नेहलनं माझं अकाउंट उघडून दिलं. मला तीन फॉलोअर मिळाले: स्नेहल, तिची मैत्रीण आणि विमा विकणारा एक गृहस्थ.

दोन महिने मी धुमसत राहिले. त्याला पुण्याच्या एका परिषदेत बोलायचं आमंत्रण आलं, विषय 'शॉपफ्लोअरनं मला काय शिकवलं'. ते पत्र त्यानं नोटीस बोर्डावर लावायला दिलं. मी ते दोनदा वाचलं आणि त्या गुरुवारी, तो यायच्या आधी, वही उघडून एक खोटी नोंद लिहिली. चौदा वह्यांतली पहिली खोटी नोंद. जुन्या पानावर खाली जागा होती, तिथं जुनी तारीख घालून लिहिलं: पाणी भरण्या-उपसण्यात वेळ जातो, आतून गंज धरतो. यापुढे व्हॉल्व्हची बॉडी हवेच्या दाबाने तपासावी. निम्म्या वेळात काम होते.

या धंद्यातल्या कुणालाही हे वाचून घाम फुटेल. पाणी दाबलं जात नाही; कुठं फट पडली तर चार थेंब उडतात आणि दाब खलास. हवा दाबून बसते. कुठं सुटली की समोर जे असेल ते घेऊन जाते. जाणकार माणूस हसेल आणि बेलवलकरला विचारेल, बाबा रे, तू कधी बेंचपाशी उभा तरी राहिला आहेस का? एवढंच मला हवं होतं. त्यानं पानाचा फोटो काढला, शुक्रवारी सकाळी आठला पोस्ट टाकली, आणि अकराला प्रेशर विचारायला माझ्या दारात आला.

जेवणाच्या सुट्टीत मी स्नेहलला फोन लावला. "काय म्हणतायत लोक? सांग लवकर."

"सगळे वाहवा करतायत. 'डोळे उघडले सर', 'असा विचार कुणी केला नव्हता'…"

"एकही माणूस काही बोलला नाही?"

"एक आहेत, कुणी निवृत्त इंजिनिअर. 'हे जीवघेणं आहे, ताबडतोब काढा' असं लिहिलंय. त्यावर सरांनी उत्तर दिलंय, 'नव्या विचाराला आधी विरोधच होतो.' त्या उत्तरालाच दोनशे लाइक्स आहेत." मग तिनं विचारलं, "आई, हे खरंच जीवघेणं आहे का गं? एक जण करून बघतोय."

"कोण?"

"बार्शीचा कुणीतरी आहे, हमीद मुलाणी. 'सर चोवीस किलो ना? आजच दुपारी करतो' म्हणतोय. फोटो टाकलाय वर्कशॉपचा. पाठवते."

फोटो आला. वर्कशॉपचं निळं शटर अर्धं उघडं, पुढं ओळीनं मांडलेल्या सात व्हॉल्व्हच्या बॉड्या, दोन्ही तोंडं झाकण लावून बंद केलेली. शेजारी दाब द्यायला काळा गॅसचा सिलिंडर. आणि बॉडीच्या अगदी तोंडासमोर एक माणूस उकिडवा बसून कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. मी डबा तसाच टाकला आणि निनादच्या केबिनकडे धावत सुटले. माझं वय तेव्हा शेहेचाळीस, शेडमध्ये धावायला मीच बंदी घातली होती.

"सर, ती पोस्ट काढा. आत्ता."

"का?"

"चूक आहे ती. माणूस मरेल."

त्यानं मान वर केली. "तुमच्याच वहीत आहे."

"मी मुद्दाम लिहिलं. खोटं लिहिलं. तुमची फजिती व्हावी म्हणून."

तो खुर्चीत मागे रेलला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकी चीडही कधी आली नव्हती. दोन्ही एकाच वेळी.

"म्हणजे तुम्ही कंपनीची मुद्दाम बदनामी करत होता? हे लेखी द्याल?"

"देते. काय वाट्टेल ते देते. आधी पोस्ट काढा."

"ताई, दीड लाख लोकांनी बघितलीय ती. उद्या सकाळी माझं भाषण आहे, त्यात पहिलीच स्लाइड ही आहे. आज काढली तर लोक काय म्हणतील? सोमवारी बघू."

"सोमवारी बघू? तो आज दुपारी करतोय! हे बघा, फोटो बघा त्याचा!"

त्यानं फोटो बघितला. खरंच बघितला, बोटांनी मोठा करून. मग म्हणाला, "बार्शीतला छोटा वर्कशॉपवाला दिसतोय. तो कुठला चोवीस किलोपर्यंत जातोय!"

त्या क्षणी मी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. कशाला, ते माझं मलाच माहीत नाही. परत ठेवला आणि बाहेर आले.

माझ्या नावानं मी पोस्टखाली लिहिलं, 'हे चूक आहे, करू नका.' दोन मिनिटांत ते गायब झालं. स्नेहलनं लिहिलं, तेही गेलं. मग मी तो फोटो पुन्हा उघडला. निळ्या शटरवर पांढऱ्या रंगात मोबाइल नंबर रंगवलेला होता. शेवटचे दोन आकडे त्या माणसाच्या डोक्याआड गेले होते. शंभर शक्यता. मी शून्य-शून्यपासून सुरुवात केली. एक बाई ओरडली, एकानं शिव्या घातल्या, सात-आठ नंबर बंद होते. एकतिसाव्या फोनला मागं ग्राइंडरचा आवाज ऐकू आला.

"मुलाणी का? हमीद मुलाणी?"

"हां, बोला की."

"सिलिंडर लावलाय का?"

"लावलाय. तुमी कोन?"

"बंद करा. आधी बंद करा, मग बोलू."

"आवो पर कोन तुमी? गॅस कंपनीच्या बाई का?"

"मी भारती कोष्टी. कुपवाडहून. बेलवलकरांच्या कारखान्यात टेस्टिंग बघते. ती पोस्ट चूक आहे."

"सरांची? आवो, सरांचे नव्वद हजार फॉलोअर हायेत, बाई." त्याचा स्वर उद्धट नव्हता, अगदी सरळ होता. "तुमचे किती?"

"तीन."

तो हसला. "मग कसं करायचं सांगा. दहा किलोला आलंय, अजून कायबी झालं न्हाई. झ्याक चाललंय."

दहाला आला होता. म्हणजे सिलिंडरची चावी खुली होती, काटा वर सरकत होता आणि हा फोन कानाला लावून तिथंच उभा होता. मी त्याला पाणी आणि हवा समजावून सांगायला लागले. तो 'हां, हां' करत होता. ते 'हां' कुठलं, ते मला ओळखू येतं. आमच्या शेडमध्ये शिकाऊ पोरं सुटी जवळ आली की तसंच करतात. वीस वर्षांत जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मग मी त्या अनोळखी माणसाला सांगितलं.

"मुलाणी, ऐका. दिनकर ऐवळे नावाचा माणूस होता. माझ्या बेंचवर. मी तेव्हा नवी होते, पंचवीस वर्षांची. पाण्याचा पंप बिघडला होता आणि संध्याकाळी माल जायचा होता. सुपरवायझर म्हणाला, लावा सिलिंडर, काय होतंय. दिनकरमामा नको म्हणाले. दोनदा नको म्हणाले. शेवटी लावला. मी गेजवर होते, आकडे मी ओरडून सांगत होते. आठ म्हणाले, दहा म्हणाले, कायबी झालं नाही, झ्याक चाललंय असं मीच म्हणाले. तुमच्यासारखंच. चौदाला झाकण सुटलं. मामा समोर उभे होते. तुम्ही आत्ता कुठं उभे आहात?"

पलीकडे ग्राइंडर चालूच होता.

"कुठं उभे आहात, मुलाणी? झाकणासमोर का?"

"हां."

"बाजूला व्हा. धावू नका. बॉडीला हात लावू नका. मागून जाऊन सिलिंडरची चावी बंद करा. फोन चालू ठेवा."

ग्राइंडर थांबला. कुणाला तरी तो ओरडून सांगत होता, लांब हो, लांब हो. मग चावी फिरल्याची करकर, मग हळूहळू हवा सोडल्याचा लांबलचक फुसकारा.

"बंद केलं," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "त्ये मामा… गेले का?"

"गेले."

"आन् चूक कोनाची निगाली?"

"रिपोर्टात त्यांची लिहिली. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' त्यांच्या बायकोला वाचता येत नव्हतं, तिचा अंगठा घेतला त्याच्यावर. साक्षीदार म्हणून सही माझी आहे."

मामा गेले त्याच आठवड्यात मी पहिली खाकी वही आणली होती आणि तिच्यात चौथा रकाना आखला होता. पहिली नोंद दिनकरमामांची. कोणाची चूक: सुपरवायझर, आणि भारती कोष्टी. बेलवलकरसाठी गळाला लावायला मला जे आमिष सुचलं, ते हे होतं. मला सगळ्यात नीट पाठ असलेली चूक तीच होती, म्हणून.

शनिवारी निनादचं भाषण झालं. पहिली स्लाइड तीच होती. सभागृहात दोन-तीन जाणकारांनी उठून त्याला धारेवर धरलं म्हणे, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी शेडमध्ये बसून वहीत नोंद लिहीत होते. तारीख. माल: एक खोटा सल्ला. काय चुकलं: रागाच्या भरात सदोष माल बाहेर सोडला, वेळीच फोन केला म्हणून माणूस थोडक्यात वाचला. कोणाची चूक: भारती कोष्टी. खाली लिहिलं, रागात असताना वहीला हात लावू नये.

सोमवारी सकाळी तो आला. डोळे सुजलेले. मी काही न बोलता तीच वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. वाटलं, वाचेल आणि शरमेल. त्यानं वाचलं, फोटो काढला आणि गेला.

दुपारी स्नेहलचा फोन. "आई, त्यांनी टाकलंय. 'माझी चूक' असं शीर्षक आहे. 'मी सदोष माल बाहेर सोडला. एक माणूस थोडक्यात वाचला. मी वेळीच फोन केला म्हणून. आज माझ्या वहीत मी स्वतःच्या नावापुढे चूक लिहिली.' एक्केचाळीस हजार लाइक्स आहेत, आई. लोक रडतायत खाली."

ज्ञान नेलं होतं, चला. रात्रपाळ्या नेल्या, अनुभव नेला. पण ती चूक माझी होती. एक माणूस मारला असता मी, आणि ते ओझं माझ्याच नावावर राहायला हवं होतं. तेही यानं उचललं आणि मिरवलं. मी उठले, त्याच्या केबिनमध्ये गेले, चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर म्हणाले, "बेलवलकर, तुम्ही चोर आहात. आणि चोरायलासुद्धा अक्कल लागते, ती तुमच्यात नाही." राजीनामा तिथंच लिहिला. वह्या कंपनीच्या, म्हणून गेटवर काढून घेतल्या. पहिल्या वहीचं पहिलं पान मात्र मी आधीच फाडून पोलक्यात ठेवलं होतं.

आठवड्यानं मुलाणीचा फोन आला.

"बाई, तुमच्या सरांची पोस्ट वाचली. फोन म्हनं त्यांनी केला!"

"वाचली मीही."

"मी खाली लिवलं, फोन कोष्टीबाईंनी केलता. पुसलं त्यांनी. तीनदा लिवलं, तीनदा पुसलं. लई डोकं फिरलं माझं. मग पेंटर बोलावला आन् वर्कशॉपच्या भिंतीवरच रंगवून घेतलं, सिलिंडरच्या वर. हितं कोन पुसतंय बघू! फोटो पाठवलाय, बघा."

भिंतीवर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: हवेने टेस्ट करू नये. हुकुमावरून, भारती कोष्टी, कुपवाड.

मी फोटो बोटांनी मोठा करून वाचला. मग त्याला परत फोन लावला.

"मुलाणी, पेंटर आहे का अजून?"

"हाय की. च्या पितोय."

"माझं नाव पुसा."

"आवो का?"

"पुसा. त्या जागी लिहा: दिनकर ऐवळे यांची चूक नव्हती."

तो घुटमळला. "लिवतो, बाई. पर हितं कुनाला कळनार न्हाई त्ये."

"न कळू दे," मी म्हणाले. "लिहा."